आधी जेवण की आधी नाच

थोरलीला सगळे थोरलीच म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. नवख्या माणसानं विचारलं, ही कुणाची थोरली, तर पूर्वी लोक हसून शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवायचे. त्या खुर्चीवर धाकटी बसलेली असायची. दोघी सख्ख्या बहिणी. नवऱ्यांच्या नोकऱ्यांपायी एकीपाठोपाठ एक या परक्या देशात आल्या, पहिली काही वर्षं एकाच रस्त्यावर राहिल्या, एकमेकींची पोरं सांभाळली, एकमेकींचे स्वेटर घातले. आणि सहा वर्षांपूर्वी त्यांच्यात असं काही बिनसलं, की थोरलीचं नाव तेवढं उरलं आणि शेजारची खुर्ची रिकामी झाली.

बिनसलं कशावरून तेही ऐका, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा मंडळाचा स्नेहमेळावा भरायचा. भाड्याचा हॉल, रश्श्याची दोन मोठी पातेली, भाताचा डोंगर, ढोल, बासरी, आणि दोन रांगांचा तो नाच, ज्याची माणसं वर्षभर वाट बघायची. बसचे ड्रायव्हर, नर्सबाया, गोदामात खोकी उचलणारे, बँकेत टाय लावून बसणारे, सगळे त्या एका संध्याकाळी घामाघूम होईस्तोवर नाचायचे. तर त्या वर्षीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, आधी जेवण ठेवायचं की आधी नाच? एवढंच विचारलं हो! एक गट म्हणाला, आधी जेवण. पोरं भुकेनं कळवळतात आणि म्हाताऱ्यांना गोळ्या घ्यायच्या असतात. दुसरा गट म्हणाला, आधी नाच. जेवण झालं की लोक ढेकर देऊन सटकतात आणि ढोलवाला भिंतींसमोर बडवत बसतो. दोन्ही खरं होतं. पण दोन्ही खरं आहे असं म्हणणारा एकही शहाणा त्या खोलीत नव्हता. आवाज चढले, जुनी उणीदुणी निघाली, कोण कुणाच्या लग्नात रुसून बसलं होतं इथपर्यंत गाडी गेली, आणि सभा संपली तेव्हा एका मंडळाची दोन मंडळं झाली होती. लोक त्यांना जेवणवाले आणि नाचवाले म्हणू लागले.

थोरलीचा नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. तो जेवणवाल्यांचा सेक्रेटरी झाला. धाकटीचा नवरा एका गोदामाचा मॅनेजर, तो नाचवाल्यांचा अध्यक्ष. सख्खे साडू, पण त्या दिवसापासून दोघांत विस्तव जाईना. बहिणींचं म्हणाल तर मतदानाच्या वेळी दोघींनी आपापल्या नवऱ्याच्या बाजूनं हात वर केला होता. थोरलीला वाटलं, ही धाकटी असून माझ्याविरुद्ध हात वर करते! धाकटीला वाटलं, ही थोरली असून मला सांभाळून घेत नाही! आधी फोन कुणी करायचा यावर घोडं अडलं आणि अडलं ते अडलंच.

त्यातही कहर म्हणजे दोन्ही मंडळांनी मेळाव्याचा तोच शनिवार आणि तीच इमारत धरून ठेवली. आम्ही का म्हणून तारीख बदलायची! इमारतीत दोन हॉल होते. जेवणवाल्यांनी खालचा घेतला, नाचवाल्यांनी वरचा. खाली पंगत चालू असली की वर नाच, आणि वर ताटं वाढली की खाली नाच. काही बहाद्दर दोन्हीकडे जेवायचे, काही दोन्हीकडे नाचायचे. इमारतीच्या रखवालदारानं एकदा भाबडेपणानं विचारलं, तुम्ही सगळे एकाच ठिकाणचे ना? दोन्हीकडचे एका सुरात म्हणाले, "छे!"

आता थोरलीविषयी. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, कपड्यांच्या खोलीत कामाला होती. डॉक्टरांचे कोट, रोग्यांचे झगे, चादरी धुऊन यायच्या आणि त्यातलं फाटकंतुटकं थोरलीच्या मशीनवर पडायचं. निघालेल्या नाड्या, तुटकी बटणं, उसवलेल्या कडा. खोलीत वर छताजवळ एकच खिडकी होती आणि ती रंगानं चिकटून बसलेली. उन्हाळ्यात इस्त्र्यांच्या वाफेनं बाया अर्धमेल्या व्हायच्या. थोरलीनं मुकादमाला सांगितलं, साहेबाला सांगितलं, साहेबाच्या साहेबाला सांगितलं. सगळे म्हणाले, बघू. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती स्टुलावर चढली आणि भाजीच्या सुरीनं रंग खरवडू लागली. दुसऱ्या दिवशीही चढली, तिसऱ्याही. मुकादम ओरडला, तर म्हणाली, "तुम्ही ओरडा, मी खरवडते." खिडकी उघडली तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या आणि मुकादमच सगळ्यांच्या आधी खिडकीखाली येऊन उभा राहिला. अशी ही बाई. एकदा मनावर घेतलं की तिला अडवायची कुणाची टाप नव्हती. फक्त धाकटीच्या बाबतीत तिनं मनावर घेतलं नव्हतं. तिथं तिचं नाक आडवं येत होतं.

तर यंदा मेळाव्याच्या आठवड्यात थोरली केस कापायला गेली. पार्लरवाली दोन्ही मंडळांची सभासद होती, कारण तिची गिऱ्हाइकं दोन्हीकडे होती. थोरलीच्या गळ्याभोवती कापड बांधताना ती म्हणाली, "जीव तुटत असेल ना हो तुमचा? काही झालं तरी पाठची बहीण. सोमवारी चाललीच ना."

"कुठं चालली?"

कात्री थांबली. "अहो, परत. कायमची. अध्यक्ष रिटायर झाले, घरही सोडलं त्यांनी. म्हणजे... तुम्हाला माहीत नव्हतं?"

थोरलीला माहीत नव्हतं. गावाला माहीत होतं, पार्लरला माहीत होतं, सख्ख्या बहिणीला माहीत नव्हतं. आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि तो तिला बघवेना. धाकटीची लेक तिकडे, म्हणून ती तिकडे जाणार. थोरलीची लेकरंनातवंडं इकडे, म्हणून ती इकडे राहणार. आणि थोरलीच्या पायात दोनदा रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, चाला, फिरा, हवं तर नाचा, पण तासन्‌तास विमानात बसणं या जन्मात नाही. म्हणजे घरदार मोडून निघालेली धाकटी सोमवारी गेली की गेली, ती काही परत यायची नाही. पुन्हा दिसायची नाही.

अर्धे कापलेले केस फडक्यात गुंडाळून थोरली तशीच उठली. पार्लरवाली "अहो, दुसरी बाजू!" म्हणेपर्यंत ती रस्त्यावर होती.

धाकटीच्या दारात ती सहा वर्षांत आली नव्हती. दार अध्यक्षांनी उघडलं. मागं खोक्यांची चळत दिसत होती.

"ती घरात नाही," ते म्हणाले.

त्यांच्या पायाशी धाकटीच्या चपला होत्या. कोपऱ्यात तिचा जाण्यायेण्याचा कोट होता. थोरलीनं दोन्हींकडे बघितलं आणि मग मेहुण्यांकडे बघितलं. बिचारे खोटं बोलायची सवय नसल्यानं कानापर्यंत लाल झाले.

"थोरली येऊन गेली म्हणून सांगा," ती म्हणाली.

फाटकापाशी वळून तिनं वर बघितलं. माडीवरच्या खिडकीचा पडदा हलला आणि स्थिर झाला. बसस्टॉपवर येऊन थोरली भर दिवसा, चारचौघांत ओक्साबोक्शी रडली. शेजारच्या माणसानं घाबरून आपली जागा बदलली. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि स्वतःशी मोठ्यानं म्हणाली, "घरात नाहीस काय? बरं. शनिवारी नाचाला तर असशील."

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "शनिवारी मी वर जाणार आहे. नाचाला."

"वर म्हणजे?" सेक्रेटरींना आधी थट्टा वाटली. मग त्यांच्या लक्षात आलं. "अगं, त्यांच्या नाचाच्या वेळेला आपली पंगत असते. तू वाढायला असतेस."

"यंदा नसेन."

"लोक काय म्हणतील? सेक्रेटरीची बायको नाचवाल्यांकडे? मी तोंड कुठं दाखवू?"

"माझी बहीण चाललीय हो," थोरली म्हणाली. "तुम्हाला तोंडाचं पडलंय."

सेक्रेटरींनी मग सगळे उपाय करून बघितले. समजावलं, चिडले, एक दिवस अबोला धरला, एक दिवस स्वतः चहा करून दिला. थोरलीनं चहा घेतला, आणखी अर्धा कप मागितला, आणि म्हणाली, "छान झालाय. मी वर जाणार आहे."

शनिवारी दुपारपासून ती खालच्या स्वयंपाकघरात होती. स्वयंपाकात तिनं कसूर केली नाही. रुसवा माणसांवर काढावा, रश्श्यावर काढू नये असं तिचं मत होतं. पदर खोचून तिनं कांदे परतले, भात मोकळा केला, खीर तळाला लागू नये म्हणून हात दुखेपर्यंत ढवळली. संध्याकाळी माणसं जमली. अत्तर, कडक इस्त्री, पोरांची पळापळ. पंगत बसली आणि थोरली डाव घेऊन रश्श्याच्या पातेल्याशी उभी राहिली. वर ढोल सुरू झाला. छतावर पावलं दणदणू लागली आणि खालचे दिवे थरथरू लागले. खालच्यांनी त्याकडे दुर्लक्ष करायचं, हा दरवर्षीचा शिरस्ता होता. पण बोटं ताटाच्या कडेवर ठेका धरायचीच.

थोरली वाढत होती आणि कान छताला लावून होती. सुटी गाणी झाली. पोरांचं काहीतरी झालं. मग ढोल थांबला, बासरी एकटी वाजू लागली, आणि थोरलीच्या अंगावर काटा आला. दोन रांगांचा नाच असाच सुरू व्हायचा.

तिनं शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातात डाव दिला. "वाढा."

"अगं, आत्ता? अजून अर्धी पंगत..."

"घट्ट आहे, तळातून घ्या."

"लोक बघतायत!" सेक्रेटरी दात आवळून म्हणाले.

"मग नीट वाढा," थोरली म्हणाली आणि निघाली.

दारातल्या एका बाईनं विचारलं, थोरले, कुठं? थोरलीनं वर बोट दाखवलं. सबंध पंगतीचे घास हातात राहिले. जिन्याला कठडा होता, तो धरून, एकेका पायरीवर दुखरा पाय ठेवत ती चढली. कुणी हात द्यायला आलं असतं तरी तिनं घेतला नसता.

वर दोन रांगा समोरासमोर लागत होत्या. एप्रन लावलेली, अर्ध्या डोक्याचे केस आखूड आणि अर्ध्याचे लांब अशी थोरली दारात दिसली आणि बासरीवाल्याचा सूर घसरला. अध्यक्ष लगबगीनं पुढं आले.

"ताई, तुमचा कार्यक्रम खाली आहे."

"माहीत आहे. मीच रांधलाय," थोरली म्हणाली. "आता तरी ती घरात नाही म्हणू नका. समोर दिसतेय मला."

 अध्यक्ष बाजूला झाले. समोरच्या रांगेत मधोमध धाकटी उभी होती. सहा वर्षांत केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. तिच्यासमोर पार्लरवाली होती. थोरलीनं तिच्या खांद्यावर टिचकी मारली. पार्लरवाली लगेच सरकली. म्हटलं ना, तिची गिऱ्हाइकं दोन्हीकडे होती.

दोघी समोरासमोर आल्या. धाकटी बघतच राहिली. ढोलावर थाप पडली आणि नाच सुरू झाला.

आता हा नाच कसा, ते समजून घ्या. दोन्ही रांगांनी पुढं यायचं, समोरच्याला टाळी द्यायची, मागं जायचं. असं तीनदा. मग प्रत्येकानं आपल्या उजवीकडे सरकून समोरच्याच्या बाजूनं पलीकडे निघून जायचं, वळायचं, की पुन्हा पहिल्यापासून. सोपं आहे. पण धाकटीला तो लहानपणी थोरलीनं शिकवला होता, स्वयंपाकघरात ओट्याच्या आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, समोर उभं राहून. थोरली उजवीकडे सरकली की ती पोर तिच्याकडे बघून त्याच अंगाला सरकायची, म्हणजे आपल्या डावीकडे. पलीकडे जाताना हमखास टक्कर. रागावून झालं, टपल्या मारून झाल्या, पण ते वळण काही मोडेना. शेवटी थोरलीनं युक्ती काढली. टक्कर व्हायच्या आत एकमेकींचे दोन्ही हात धरायचे, एक गिरकी घ्यायची आणि बाजू बदलायची. बघणाऱ्यांना वाटायचं, काय झोकात नाचतात या! खरं म्हणजे ती एक चूक होती, दोघींनी मिळून सावरलेली. त्या चुकीपायी धाकटीला दुसऱ्या कुणाबरोबर नाचता येत नसे.

रांगा पुढं आल्या. टाळी.

"न सांगता चालली होतीस," थोरली म्हणाली. रांगा मागं गेल्या.

पुन्हा पुढं. टाळी.

"सहा वर्षांत तू काय विचारलंस?" धाकटी म्हणाली. मागं.

तिसरी टाळी झाली. आता ओलांडायचं. थोरली सवयीनं उजवीकडे सरकली आणि गिरकीसाठी तिनं दोन्ही हात पुढं केले.

धाकटी तिथं नव्हती. धाकटीसुद्धा स्वतःच्या उजवीकडे सरकली होती, अगदी बरोबर, सगळ्यांसारखी. खांद्याला खांदाही न लागता ती निघून गेली. थोरलीचे हात हवेत राहिले. सहा वर्षांत धाकटीनं पाऊल सुधारलं होतं. कुणाबरोबरही नाचता येईल असं.

थोरलीनं हात खाली घेतले आणि ती वळली. नाच थांबत नाही.

टाळी. "कुणी शिकवलं?" तिनं विचारलं. मागं.

टाळी. "तू नव्हतीस! मग काय भिंतीला टेकून बसू?" मागं. शेजारच्या जोड्यांचे ठेके चुकू लागले होते, कारण सगळ्यांचे कान इकडे होते.

टाळी. "दारात आले होते मी. पडद्याआडून बघितलंस. खाली का नाही आलीस?"

 ओलांडायची वेळ झाली आणि धाकटी पुन्हा तशीच सरळ निघून गेली. पण वळून समोर आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि रांग पुढं यायची वाट न बघता ती जागेवरूनच ओरडली, "तुला समोर बघितलं असतं तर माझा पाय निघाला असता का इथून? सांग की! निघाला असता का?"

ढोलवाला वाजवत राहिला. त्याला सवय होती, लोक रडोत की हसोत. जिन्यातून सेक्रेटरी धापा टाकत आले, हातात रश्श्याचा डाव तसाच. बायकोला खाली न्यायला आले होते. दारात साडूशेजारी उभे राहिले आणि बघू लागले.

रांगा पुढं आल्या. टाळी. टाळी. टाळी. आणि ओलांडायची वेळ आली तेव्हा थोरलीनं मनाशी ठरवलं. ज्या पावलासाठी तिनं धाकटीला टपल्या मारल्या होत्या, तेच चुकीचं पाऊल तिनं स्वतः टाकलं. ठामपणे, जाणूनबुजून, डावीकडे. सरळ बहिणीच्या अंगावर.

कपाळावर कपाळ आपटलं. धाकटीचा चष्मा उडून एप्रनच्या पट्ट्यात अडकला.

"आई गं! ताई, डावीकडे कुठं येतेस?" धाकटी कळवळली.

आणि कळवळतानाच तिचे हात पुढं आले होते. थोरलीनं ते धरले. गिरकी कसली, दोन म्हाताऱ्या एकमेकींना पेलत, पाय घासत गोल फिरल्या, एकदा, मग आणखी एकदा. रांगा पलीकडे जाऊन वळल्या, पुढं आल्या, मागं गेल्या, आणि मधोमध या दोघी फिरतच राहिल्या. कुणी त्यांना बाजूला व्हा म्हटलं नाही. धाकटी एकदा हसायची, एकदा हुंदका द्यायची. "फोन करायचास गं," थोरली म्हणत होती. "नाही तर मी करायचा. मी करायला हवा होता. मी थोरली."

ढोल थांबला.  कुणीतरी घसा खाकरून, ताटं वाढायला घ्यायची का, असं हळूच विचारलं. पण कुणी हललं नाही.

धाकटीनं खांद्यालाच डोळे पुसले, कारण हात मोकळे नव्हते. "सोड आता, ताई. सगळे बघतायत."

"बघू देत," थोरली म्हणाली. "सोमवारी सोडायचेच आहेत." आणि मान वळवून तिनं ढोलवाल्याला सांगितलं, "पुन्हा घ्या. पहिल्यापासून."